आधी लाइट आवरा, सिलिंडरचं नंतर बघू

तुमची मासे-झाडांची टाकी छान लागलीय, पण लाइट दिवसभर चालू ठेवू नका, आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही लगेच नको. झाडं वाढेनात की नवीन माणूस आणखी मोठा लाइट आणतो, आणि थोड्याच दिवसांत काचेवर हिरवा थर, पानांच्या कडांना काळी दाढी! प्रकाश वाढला की कार्बन डायऑक्साइड आणि खतही जास्त लागतं. ते नसलं की शेवाळाचं फावतं.

सध्या एवढंच करा:

- टायमर लावा, रोज 6 ते 7 तास. खिडकीतलं थेट ऊन नको.
- अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन ही पाण्यातली झाडं घ्या. यांचं सिलिंडरवाचून अडत नाही. अनुबियासचा जाड आडवा कंद वाळूत पुरलात तर सडेल; दोऱ्याने दगडाला बांधा.
- क्रिप्टोकोरीनची पानं नव्या टाकीत विरघळतात. घाबरून उपटू नका, मुळातून परत फुटतात.

घरीच कार्बन डायऑक्साइड तयार करणारी साखर-यीस्टची बाटली स्वस्त खरी, पण गॅस कधी जास्त, कधी कमी. मला ती फारशी पटत नाही. पुढे सिलिंडर घेतलाच तर लाइटच्या तासभर आधी सुरू करा, लाइटबरोबर बंद. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर गॅस ताबडतोब बंद आणि एअर पंप चालू.

टाकी किती लिटरची आहे ते सांगा, मग खतांचं बोलू.