राज्याच्या खजिन्यासाठी उभं राहू पाहणाऱ्या मुलीला

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. आधी अमेरिकेतल्या मिसूरी राज्याची स्टेट ट्रेझरर, म्हणजे राज्याची खजिनदार, दोन टर्म झाल्या की गव्हर्नर, म्हणजे राज्याची निवडून आलेली प्रमुख. यात अशक्य काहीच नाही. मेल कार्नाहन १९८१ ते १९८५ ट्रेझरर होते आणि १९९३ मध्ये गव्हर्नर झाले. एरिक श्मिट ट्रेझररपदावरून ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील झाले आणि तिथून अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. हरियाणातल्या रोहतकमध्ये जन्मलेले विवेक मलिक २०२३ मध्ये नेमणुकीने त्या खुर्चीवर बसले आणि २०२४ मध्ये लोकांनी त्यांना निवडूनही दिलं. म्हणजे मतपत्रिकेवर आपल्याकडचं नाव असलं तरी मिसूरीत दार बंद नाही.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एवढ्या मोठ्या आराखड्यात खजिन्याच्या कामावर जेमतेम दोन ओळी आहेत. ते काम तुला मनापासून आवडणार नसेल, तर बाळा, त्यासाठी मत मागू नकोस.

मिसूरीच्या राज्यघटनेनुसार ट्रेझरर हा राज्याच्या पैशांचा राखणदार. कर बसवणं त्याच्या हातात नाही. अर्थसंकल्प गव्हर्नर आणि विधिमंडळ ठरवतात, आणि हिशेब तपासायला ऑडिटर वेगळा, तोही निवडून आलेला. ट्रेझररकडे असतो तो जमा झालेला आणि अजून खर्च न झालेला पैसा. आज किती आला, परवा किती लागणार, मधल्या दिवसांत तो कोणत्या बँकेत, किती मुदतीने, कोणतं तारण घेऊन ठेवायचा, हे रोज ठरवावं लागतं. प्रचारसभेत यावर टाळी पडत नाही.

ॲन रिचर्ड्स यांची कारकीर्द म्हणूनच बारकाईने अभ्यासण्यासारखी आहे. १९८२ मध्ये त्या टेक्सासच्या ट्रेझरर म्हणून निवडून आल्या. पन्नासहून जास्त वर्षांत त्या राज्यात राज्यव्यापी पद जिंकलेली ती पहिली स्त्री. कचेरीत शिरल्यावर त्यांनी हात घातला तो तिथल्या जुनाट कामकाजाला. राज्याच्या नावाने येणारे चेक लवकर बँकेत पोहोचावेत म्हणून यंत्रणा बसवली, कामकाज संगणकावर आणलं. चेक एक दिवस आधी जमा झाला की राज्याला एक दिवसाचं व्याज जास्त मिळतं, आणि रक्कम अब्जांत असली की त्या एका दिवसाला फार मोल येतं. १९८८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणाने त्या देशभर गाजल्या, हे खरंच आहे. पण १९९० मध्ये गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याकडे भाषणाखेरीज दाखवायला कामही होतं.

पुढे टेक्सासने ते पदच बंद केलं. मार्था व्हाइटहेड १९९४ ची निवडणूक 'ही कचेरी बंद करीन' असं सांगून जिंकल्या, १९९५ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि काम कंप्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं. स्वतःचीच खुर्ची मोडीत काढणाऱ्या या बाईंबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मिनेसोटातही २००३ पासून ट्रेझरर नाही. मग निवडून आलेला ट्रेझरर हवाच कशाला, हा प्रश्न तुला सभेत कोणीतरी विचारेलच. माझं उत्तर असं आहे: गव्हर्नरने नेमलेला माणूस गव्हर्नरला 'नाही' म्हणताना दहादा विचार करतो, लोकांनी निवडलेल्याला ते म्हणता येतं. हे स्वातंत्र्य वापरायची तुझी तयारी हवी, तुझ्याच पक्षाचा गव्हर्नर असला तरी.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तू पुढच्या पायरीच्या संदर्भात दिलं आहेस, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. जेसी अन्रू १९७० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक रेगनसमोर हरले आणि १९७५ मध्ये ट्रेझरर झाले. कोणाचं लक्ष नसलेल्या त्या पदाला त्यांनी कर्जरोख्यांच्या बाजारात आणि पेन्शन निधींच्या जगात वजन मिळवून दिलं, आणि १९८७ मध्ये वारले ते त्याच पदावर. त्यांच्यानंतरच्या ट्रेझररांपैकी कॅथलीन ब्राऊन १९९४ मध्ये, फिल अँजेलिडीस २००६ मध्ये आणि जॉन चियांग २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी लढले. तिघंही हरले. शिडी म्हणून ही कचेरी भरवशाची नाही.

आणि नजर वरच्या पायरीवर असली की माणूस हातातल्या पैशाकडून जास्त मागू लागतो. वेस्ट व्हर्जिनियाचे ट्रेझरर ए. जेम्स मँचिन फार लोकप्रिय होते. त्यांच्या अखत्यारीतल्या एकत्रित गुंतवणूक निधीने सुमारे २७.९ कोटी डॉलर गमावले. व्याजदर चढले आणि त्यामुळे लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव पडले. १९८९ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला आणि राज्याच्या सिनेटमधल्या सुनावणीआधी त्यांनी राजीनामा दिला. त्या निधीत गावांचे, शाळांचे पैसे होते. शेजारच्या राज्यापेक्षा अर्धा टक्का जास्त व्याज दाखवण्याचा मोह तुलाही होईल. तेव्हा आधी मुदत विचार, तारण विचार, आणि उत्तर समजेपर्यंत सही करू नकोस.

देणग्यांबद्दल तू विचारलं आहेस. ज्यांना राज्याचे रोखे विकायचे आहेत किंवा पेन्शनचा पैसा सांभाळायचा आहे, तेच तुझ्या दारात सर्वांत आधी येतील. १९९४ च्या नियमाने रोखे व्यवहारातल्या कंपन्यांवर आणि २०१० च्या नियमाने गुंतवणूक सल्लागारांवर बंधन आलं: ठरलेल्या छोट्या रकमेपेक्षा जास्त देणगी अशा पदाच्या उमेदवाराला दिली, तर दोन वर्षं त्या सरकारचं मोबदल्याचं काम नाही. नियम आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. कनेटिकटचे ट्रेझरर पॉल सिल्व्हेस्टर यांनी पेन्शन निधीच्या गुंतवणुकीत लाच घेतल्याचा गुन्हा १९९९ मध्ये कबूल केला. त्यांना हरवून आलेल्या डेनिस नॅपियर या स्टेट ट्रेझररपदी निवडून आलेल्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. डागाळलेली ती कचेरी त्यांनी वीस वर्षं सांभाळली आणि वरच्या पदाच्या मागे लागल्या नाहीत. आदर्श कोणाचा ठेवू असं विचारशील तर मी त्यांचं नाव घेईन.

एका कामाबद्दल मात्र तुझ्या मनात आत्ताच ओढ निर्माण व्हावी असं वाटतं. विसरलेली बँक खाती, न वटवलेले पगाराचे चेक, विम्याचे पैसे, मालकाचा पत्ता लागत नाही असे लॉकर, हे सगळं ठरावीक काळानंतर ट्रेझररकडे येतं आणि मूळ मालकाचं किंवा वारसाचं म्हणूनच राहतं. लॉकरमधून सैनिकांची पदकं निघतात, युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पर्पल हार्टसुद्धा, आणि मिसूरीची कचेरी त्या घरांचा शोध घेते. नातवाच्या हातात आजोबांचं पदक देणं हे सरकारी काम आहे, आणि त्यासाठी निवडणूक लढवावी इतकं ते मोलाचं आहे.

आता लगेच उमेदवारीचा विचार नको. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) किंवा राज्याच्या खजिन्यात रोकड व्यवस्थापनाच्या टेबलावर नोकरी मिळते का बघ, पगार कमी असला तरी घे. मिसूरीतल्या बहुतेक काउंट्यांत ट्रेझरर निवडून येतो. पहिली निवडणूक तिथली लढव. तोवर राज्याच्या एखाद्या रोखेविक्रीचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच. जिथे अडशील तिथे खूण करून मला पाठव, शनिवारी सकाळी फोनवर बसून सोडवू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी