जुन्या सिंथचा डिस्प्ले अंधुक झालाय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे कॉर्ग एम१ हा सिंथेसायझर कीबोर्ड आहे. आवाज अजून खणखणीत आहे पण डिस्प्लेवरचं काही वाचता येत नाही, टॉर्च तिरका धरला तरच अक्षरं दिसतात. शिवाय डिस्प्लेच्या बाजूने सतत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. अख्खा डिस्प्ले बदलावा लागेल का? कोणी म्हणतं ईएल शीट टाक, कोणी म्हणतं एलईडी लाव. सोल्डरिंग मला बऱ्यापैकी जमतं.

उत्तर : नमस्कार. टॉर्च मारल्यावर अक्षरं दिसतायत म्हणजे डिस्प्ले ठणठणीत आहे, गेलाय तो फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. त्यामुळे अख्खा डिस्प्ले बदलायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

एम१ आला १९८८ साली आणि त्या काळच्या बऱ्याच कीबोर्डांत डिस्प्लेच्या मागे ईएल शीट असायची. ईएल म्हणजे कागदासारखी पातळ शीट, आत झिंक सल्फाइडची फॉस्फर पावडर, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड, आणि त्याला साधारण शंभर व्होल्टच्या आसपास एसी दिला की पूर्ण शीट सारखी उजळते. उजेड सगळीकडे एकसारखा, जाडी नाहीच्यात जमा, म्हणून कंपन्यांना आवडायची. पण फॉस्फर वापराने मरतं, काही हजार तास चालली की उजेड निम्म्यावर येतो, दमट हवा लागली तर त्याहून लवकर. आणि ती शिट्टी येते शीटला एसी देणाऱ्या छोट्या इन्व्हर्टरमधून, काही वेळा शीट स्वतःच त्या फ्रिक्वेन्सीला थरथरते. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकाच जागची आहेत.

आता शीट की एलईडी? माझं स्पष्ट मत सांगतो. कीबोर्ड रोज तासन् तास चालू असेल तर एलईडी पॅनल लावा, अधूनमधूनच चालू होत असेल आणि तो मूळचा निळसर-हिरवा उजेडच हवा असेल तर नवीन ईएल शीट टाका, पण मग काही वर्षांनी हेच काम परत करायची तयारी ठेवा. शीट टाकणं सोपं आहे, मापाने कापायची, मात्र जिथे दोन कॉन्टॅक्ट आहेत त्या बाजूला कात्री लावायची नाही आणि कापलेल्या कडा पारदर्शक टेपने नीट बंद करायच्या, नाहीतर कडेला दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकतात किंवा ओल आत शिरते आणि कडेपासून काळे डाग पसरत जातात. जुना इन्व्हर्टर तसाच राहिला तर शिट्टीसुद्धा राहू शकते हे लक्षात घ्या.

एलईडी लावणार असाल तर इन्व्हर्टर सर्किटमधून काढायचाच. त्याचा आउटपुट एलईडीला जोडला की पॅनल त्याच क्षणी खलास. इन्व्हर्टरच्या इनपुटला किती डीसी येतोय ते आधी मल्टिमीटरने मोजा, समजा ५ व्होल्ट आहे, आणि तुमच्या पॅनलला ३.२ व्होल्ट, २० मिलीअँपिअर लागतात, तर उरलेले १.८ व्होल्ट भागिले ०.०२, म्हणजे ९० ओहम, १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की झालं. ईएलला प्लस-मायनस नसतं, एलईडीला असतं, तेवढं बघून जोडा. पॅनल घेताना जाडी मात्र नक्की मोजा कारण डिस्प्लेची काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामधली फट फारच कमी असते, जाड पॅनल दाबून बसवलं की काच तडकते, आणि ती काच शोधत बसणं हे बॅकलाइटपेक्षा कितीतरी मोठं दुखणं आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्याही आधी, आतले सगळे साउंड मिडी डंपने, म्हणजे मिडी केबलवरून डेटा पाठवून, कॉम्प्युटरवर काढून ठेवा. एम१ची मेमरी एका सीआर२०३२ सेलवर जिवंत असते, काम करताना सेल हलला की वर्षानुवर्षं बनवलेले पॅच, म्हणजे साउंड, एका क्षणात गेले, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. उघडलंच आहे तर सेलचं व्होल्टेजही बघून घ्या. कीबोर्ड उलटा ठेवताना खाली टॉवेलच्या दोन जाड घड्या घाला आणि मधे जॉयस्टिकसाठी जागा सोडा, सगळं वजन जॉयस्टिकवर आलं तर ती तुटते. व्होल्टेज मोजायची वेळ सोडली तर प्लग काढलेला असू द्या, पॉवर सप्लायच्या भागाला हात नको, आणि चालू असताना इन्व्हर्टरच्या आउटपुटला बोट लावू नका, करंट कमी असला तरी झटका सणसणीत बसतो.

प्रश्न : माझ्या यामाहा डीएक्स७ या सिंथला बॅकलाइट नाहीच. मागे एलईडी पॅनल सरकवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. १९८३च्या डीएक्स७चा डिस्प्ले रिफ्लेक्टिव्ह आहे, त्याच्या मागे आरशासारखी फिल्म असते, समोरून आलेला उजेड परत फेकायला. मागून कितीही लाइट लावा, पुढे काही येणार नाही. ती फिल्म खरवडून दुसरा पोलरायझर (एलसीडीच्या काचेवर लागणारी प्रकाश गाळणारी फिल्म) लावणारे लोक आहेत पण त्यात काच जायची भीती फार. त्यापेक्षा १६ अक्षरं, दोन ओळींचं बॅकलाइटवालं नवीन मॉड्यूल घ्या, हिताचीच्या एचडी४४७८० या डिस्प्ले चालवणाऱ्या कंट्रोलर चिपशी जुळणारं. पिनांचा क्रम दोन्हीकडे एकच असेल असं धरून चालू नका, एकेक पिन सर्व्हिस मॅन्युअलवरून जुळवा, सप्लायच्या दोन पिना उलट्या लागल्या तर मॉड्यूल जळतं. अक्षरं फिकी किंवा नुसते काळे चौकोन दिसले तर आधी कॉन्ट्रास्टचं व्होल्टेज बघा.

प्रश्न : शीट बदलली, उजेड मस्त आलाय, पण आता काही उभ्या रेषाच दिसत नाहीत. डिस्प्ले गेला का?

उत्तर : बहुतेक नाही. तुम्ही काचेवरची पत्र्याची फ्रेम उघडली असणार. काच आणि बोर्ड यांच्यामधे काळी-पांढरी रबराची पट्टी असते, झेब्रा म्हणतात तिला, सगळे सिग्नल तिच्यातूनच काचेपर्यंत जातात आणि ती केसभर सरकली किंवा तिला बोटाचं तेल लागलं तरी रेषा गायब होतात. फ्रेम परत उघडा, पट्टी, काचेची कड आणि बोर्डवरचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि फ्रेमचे कान एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे न जाता समोरासमोरचे थोडेथोडे पिळत बसवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. रबराऐवजी काचेला चिकटवलेली पातळ फिल्म दिसली तर मात्र ओढाओढ करू नका, ती एकदा सुटली की हाताने परत बसत नाही.