मुलगा दिवसरात्र क्लबमध्ये, इकडे बॅकलॉग वाढतायत… क्लब सोडायला लावू का?

गणपतीत मुलं घरी आली की आमच्याकडे कुडाळात, माझ्या समुपदेशनाच्या कामात, फोन वाढतात, हे दरवर्षीचंच आहे. मुलगा घाटावरनं येतो, आरत्या म्हणतो, मोदक खातो, आणि गौरी जाईपर्यंत कधीतरी निकालाचा विषय निघतो न् घरात तोंडं सुजतात. मग आईचा फोन, "मॅडम, इंजिनिअरिंगला आहे, विषय राहिलेत, आणि हा बघावं तेव्हा कॉलेजच्या त्या क्लबमध्ये, सोडायला लावू का?" कुणाचा क्लब रोबोटचा, कुणाचा रेसिंग कारचा, कुणाचा रॉकेटचा, पण प्रश्न तोच. माझं मत आधीच सांगून टाकते, सोड म्हणायच्या आधी तो तिथे नेमकं काय करतो आणि काय करत नाही एवढं तरी विचारून घ्या. बहुतेक घरांत हे विचारलंच जात नाही, थेट निकाल लागतो.

एका मुलाचं सांगते. नाव, गाव, घरचे तपशील बदललेत, आणि लिहायला त्याची न् घरच्यांची दोघांची परवानगी आहे. आपण त्याला मंदार म्हणू. घाटावरच्या एका कॉलेजात एरोस्पेसच्या तिसऱ्या वर्षाला, शिक्षणाचं कर्ज काढलेलं, घरी काजूची बाग आणि थोडी नारळ-पोफळी. आईवडील दोघंही आले होते, तो मध्ये बसलेला, आणि वडिलांनी खुर्ची सरकवायच्या आधीच सुरुवात केली, "मॅडम, ह्येका इमानांचा खूळ लागलाहा. आमी हय काजी इकून फी भरतंव आणि ह्यो थय खेळणी उडयता. तुमीच सांगा, इमाना उडवून प्वाट भरतला काय?" आई काही बोलली नाही, पिशवीतून गुणपत्रिकेची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली फक्त. गणित तीन आणि फ्लुइड मेकॅनिक्स (पाणी, हवा कशी वाहते त्याचा विषय), दोन्ही दुसऱ्या वर्षाचे, दोन्ही राहिलेले. घरी एकच सांगितला होता, दुसरा या झेरॉक्समुळे कळला. माझ्या मते खरी जखम ती होती, नापास होण्यापेक्षा लपवणं. वडिलांचा आवाज त्याच्यामुळेच चढला होता, विमान बिचारं मध्ये सापडलं.

आता हा क्लब म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण पालकांच्या डोळ्यापुढे जत्रेतलं फुग्यांचं विमान असतं, नाहीतर एकदम चिपीच्या विमानतळावरचा पायलट. (एरोस्पेस म्हटलं की गावात सगळे विचारतात, कधी उडवणार रे. तिथला अभ्यास विमान, रॉकेट, उपग्रह बनवण्याचा असतो, पायलटचं लायसन ही वेगळी वाट, हे मी वर्षानुवर्षं सांगते, काही उपयोग होत नाही.) तर हे विद्यार्थ्यांचं मंडळ असतं, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलंमुली, वर एखादे सर. वर्गणी काढायची, स्पॉन्सर शोधायचे, रिमोटवर उडणारं विमान स्वतः डिझाइन करून बनवायचं आणि स्पर्धेला न्यायचं. एसएई इंडिया या इंजिनिअरांच्या संस्थेची एरो डिझाइन स्पर्धा असते, तशीच अमेरिकेत तर १९८६ पासून चालू आहे. नुसतं उडवलं की झालं असंही नाही, आधी डिझाइन रिपोर्ट लिहून पाठवायचा, मग परीक्षकांसमोर प्रेझेंटेशन, आणि मग ठरलेलं वजन घेऊन विमान वर न्यायचं. त्यामुळे आत टीम पडतात, एरोडायनॅमिक्सवाले (पंखावरून हवा कशी जाते त्याचं गणित करणारे), स्ट्रक्चरवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, मॅन्युफॅक्चरिंगवाले, आणि स्पॉन्सरशिपसाठी दारोदार फिरणारे बिचारे.

मी आईवडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि त्याला म्हटलं, चल, विमान दाखव. मोबाइल काढला आणि मुलगा बदललाच एकदम. हलक्या बाल्सा लाकडाच्या रिब्स, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, पंखाच्या सांगाड्यावर ती पातळ रंगीत फिल्म इस्त्रीने कशी चढवायची, इस्त्री जास्त तापली तर भोक, कमी तापली तर सुरकुत्या, आणि सुरकुत्या राहिल्या तर म्हणे हवा बिघडते. बोटांच्या टोकांना वाळलेला ग्लू, नखाच्या कडेला ब्लेडचा कट. माझ्या टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलून त्याने दोन बोटांवर तोलली, जिथे ती तोलली त्या जागेला म्हणाला सीजी, गुरुत्वमध्य, विमानाचा तो पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीच्या आसपास यावा लागतो, मग एका टोकाला खोडरबर ठेवलं आणि पट्टी कलंडल्यावर म्हणाला, "नाक जड झालं तर विमान वाईट उडतं मॅडम, शेपूट जड झालं तर एकदाच उडतं." आमच्यात सगळे असंच बोलतात म्हणाला. आजोबा सुतार, लहानपणापासून हातात पटाशी, ते हातावरून दिसतच होतं.

मग मी विचारलं, या पंखाचा आकार हाच का? हाच एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कुणी निवडला, कशावरून?

"ते सीनियर ठरवतात."

रिपोर्टमध्ये तुझं काय असतं?

"फोटो. आणि मॅन्युफॅक्चरिंगचं अर्धं पान."

आणि एरोडायनॅमिक्सच्या मीटिंगला?

गप्प. मग पट्टी जागेवर ठेवत हळूच, "तिकडे मी जात नाही."

हळूहळू बाहेर आलं ते असं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच मीटिंगला सगळे फाडफाड इंग्रजीत, कुणी नॅशनल ऑलिम्पियाड केलेलं, कुणाचे वडील कुठल्यातरी मोठ्या कंपनीत, आणि याला कुणीतरी विचारलं लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बळ, कसा तयार होतो, हा बारावीपर्यंत पाठ केलेलं मराठी-इंग्रजी मिसळून बोलायला गेला आणि दोघंतिघं हसली. वाईट हेतूने नसतील हसली, पण हसली. त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये कुणाला तरी रिब्स सरळ कापता येईनात, याने ब्लेड हातात घेतलं आणि दहा मिनिटांत कापून दिल्या, आणि त्या दिवसापासून हा क्लबचा "मंदारभाई". ब्लेड हातात असलं की कुणी प्रश्न विचारत नाही. दोन वर्षं हा रात्र-रात्र वर्कशॉपला, सबमिशन असो परीक्षा असो, आणि ज्या दोन विषयांना घाबरून एरोडायनॅमिक्सच्या टेबलापासून लांब राहिला तेच दोन विषय राहिले. योगायोग नव्हता तो.

म्हणजे बघा, वडिलांचं गणित असं की क्लबमुळे विषय राहिले, क्लब बंद की विषय सुटले. पण इथे उलटं होतं, गणिताच्या भीतीने हा क्लबच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. क्लब काढून घेतला असता तर भीती जिथल्या तिथे, वर ज्या एका जागी त्याला कुणी विचारत होतं ती जागाही गेली असती. अशी मुलं मग हॉस्टेलच्या खोलीत मोबाइल घेऊन पडून राहतात, आणि विषय तरीही सुटत नाहीत, मी पाहिलेत असे.

वडिलांना आत बोलावून हे सांगितलं तेव्हा ते लगेच विरघळले वगैरे काही नाही. त्यांचा प्रश्न रोकडा होता, यातून नोकरी लागते का. मग रोकडंच बोललो. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअरच्या जाहिरातीत ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए ही अट दिसत आलीय, तिथे विमान किती छान चिकटवलंस हे आधी कुणी विचारत नाही, आणि जागाही जास्त मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांना. पुढे एम. टेक. करायचं तर गेट या प्रवेश परीक्षेला एरोस्पेसचा वेगळा पेपर आहे, आणि त्यात फ्लुइड आणि गणित दोन्ही बसलेलेच. हे मी मंदारसमोर मुद्दाम बोलले. क्लबची बाजू घ्यायची म्हणून मार्कांचं महत्त्व कमी करून सांगणं मला पटत नाही, काही समुपदेशक करतात तसं. पण मुलाखतीपर्यंत पोचल्यावर समोरचा माणूस हेच विचारतो की तू स्वतः काय केलंस आणि ते तसंच का केलंस. त्या 'का'चं उत्तर मंदारकडे नव्हतं, ते मिळवायची जागा मात्र त्याच्या वर्कशॉपच्या शेजारच्याच टेबलावर होती.

ठरवलं ते फार मोठं नव्हतं. परीक्षेच्या आणि सबमिशनच्या आठवड्यांत रात्रीचं वर्कशॉप बंद, आणि हे टीम कॅप्टनला त्याने स्वतः सांगायचं, आईने फोन करून नाही. क्लबच्या वेळातला निम्मा वेळ एरोडायनॅमिक्सकडे, भले सुरुवातीला नुसतं बसून ऐकायचं. आणि रिपोर्टमधला एक भाग त्याने लिहायचा, पंखाच्या आकाराचाच. घरी दर महिन्याला विषयांचं जे काय असेल ते खरं सांगायचं, आणि वडिलांनी त्यावर आधी फक्त ऐकायचं. या शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला, वडील म्हणाले, "मी ऐकतंय की!" आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना.

त्याची अडचण निघाली वेगळीच. "मी नाही गेलो तर विमान होणारच नाही मॅडम, कुणाला येतच नाही." हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून मुलं त्यात अडकतात. मी त्याला आयआयटी मुंबईच्या 'प्रथम' उपग्रहाचं सांगितलं. विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काम सुरू केलं आणि तो इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३५ रॉकेटवरून वर गेला २६ सप्टेंबर २०१६ ला. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्', जेमतेम एक किलोचा, त्याच वर्षी जूनमध्ये गेला, तोही वर्षानुवर्षं काम करून. सुरुवात केलेली मुलं तोपर्यंत कॉलेजातून कधीच बाहेर पडलेली. एकाच्या हातावर असलेलं काम एवढं चालत नाही, ते कुणीतरी कुणालातरी शिकवत गेलं म्हणून झालं. मग त्याने पहिल्या वर्षाच्या एका मुलीला आणि एका मुलाला हाताशी घेतलं, आणि आठवड्याभरात मला मेसेज, की त्या मुलीची फिल्म माझ्यापेक्षा चांगली बसते, आणि पुढे तीन रडके इमोजी.

नंतरच्या भेटी व्हिडिओ कॉलवर, आमच्याकडची रेंज धरून. दुसऱ्यातिसऱ्या कॉलला गडी स्वतःहून रेनॉल्ड्स नंबर समजावायला लागला, पंखावरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा. वेग गुणिले पंखाची रुंदी भागिले हवेची कायनेमॅटिक श्यानता (घनतेने भागलेला चिकटपणा), आमच्या विमानाला सेकंदाला बारा मीटर आणि पाव मीटर धरली तर येतात दोन लाख, मोठ्या प्रवासी विमानाला काही कोटी, म्हणून मोठ्या विमानाचा पंख लहान करून आमच्याला लावला तर चालत नाही, छोट्या वेगाचे एअरफॉइल वेगळे असतात. "हे फ्लुइडच्या पुस्तकात होतं मॅडम, मी पाठ केलेलं, पण हे आपल्या पंखाचं आहे हे कळलंच नव्हतं." मला त्यातलं निम्मं कळलं. पण मागे ज्या मीटिंगला तो जात नव्हता तिथलं तो बोलत होता, माझ्या कामाला तेवढं पुरे होतं.

आता, सगळीकडे असंच करा असं मी म्हणत नाही. काही वेळा क्लब सोडायलाच लावावा लागतो किंवा निदान वर्षभर थांबवावा लागतो. उधारी करून पार्ट घेतले जातायत, सीनियर धमकावतायत किंवा स्वतःची कामं करून घेतायत, वायडी लागायची, म्हणजे वर्ष वाया जायची, वेळ आलीय, मुलगा जेवत-झोपत नाही, तर मग वाट बघू नका. हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर विमानाच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावून झोपतात का हेही विचारा, त्या फुगल्या की पेट घेऊ शकतात, हे मला मंदारनेच सांगितलं आणि त्यांच्याकडे आता वर्कशॉपमध्ये कुणी जागं असल्याशिवाय चार्जिंग नाही. आणि मुलगा किंवा मुलगी जगण्यात अर्थ नाही अशा भाषेत बोलायला लागली तर क्लब-अभ्यास हा वादच बाजूला ठेवा, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात, लगेच लावा.

मंदारचं गणित सुटलं, काठावर पण सुटलं. फ्लुइड राहिलाय अजून, पुढच्या परीक्षेला बसणार. स्पर्धेला तो स्वतःच गेला नाही, तारखा फ्लुइडच्या तयारीच्या आड येत होत्या, त्याने लिहिलेलं पान रिपोर्टमध्ये गेलं. पहिल्या फेरीत विमान वजन घेऊन उडालं, दुसऱ्या फेरीत उतरताना पुढचं चाक मोडलं. त्याचा मेसेज आला तो असा, "नोज गिअरचं माउंट जाड प्लायवुडचं करा म्हणून दोनदा सांगितलं होतं मॅडम, ऐकलं नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात, मग तू थय होतंस खय?"