जुनं लक्झरी घड्याळ पहिल्यांदा घेताना

मित्रा, पहिलंच जुनं ओमेगा घेतोयस ना, मग केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची बॉडी, चकाचक दिसते म्हणून भुलू नकोस. जास्त पॉलिश मारलं की पट्टा अडकतो तिथले कोपरे गोल होतात, ती धार परत येत नाही आणि विकताना नेमका तिथेच भाव पडतो.

सुरुवातीला एवढंच बघ:

१. मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नको. पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा कॅम्पात ओळखीचा कारागीर असेल तर व्यवहार त्याच्यासमोरच कर, टाईमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं मशीन) लावायला कितीसा वेळ लागतो. फुल चावी दिल्यावर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्स व्हील किती झोका घेतं ते, साधारण २७० ते ३०० अंश हवं, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिस आलीच, तो खर्च किमतीतून वजा कर. क्राऊनच्या (चावी द्यायच्या बटणाच्या) दांडीवर गंज दिसला म्हणजे आत पाणी गेलंय, मग कितीही स्वस्त असू दे, सोड.

२. डायलवरची अक्षरं लूपखाली (घड्याळजीच्या भिंगाखाली) बघ, पसरट दिसली तर बहुतेक डायल परत रंगवलाय.

नवीन लोक बॉक्स आणि कार्ड बघूनच निर्धास्त होतात, कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळवतच नाहीत. तू जुळव, आणि आज टोकन द्या नाहीतर दुसरा नेतोय म्हणणाऱ्याला सरळ नेऊ दे म्हणावं.

पुढे विकशील तेव्हा टाईमग्राफरचं रीडिंग, आतले फोटो, बदललेले पार्ट, सगळं घेणाऱ्याला आधीच लिहून दे. पुण्यात हा शौक असलेली मंडळी एकमेकांना ओळखतात, एकदा नाव खराब झालं की कोणी घेत नाही. बाकी मूव्हमेंटचं, म्हणजे आतल्या यंत्राचं, वगैरे नंतर बोलू, आधी त्या घड्याळाचे झाकण उघडलेले फोटो मागव.