वाचक विचारतात : उतरण बघायला तरी आईला न्याच

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. येत्या जुलैत आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जातोय. टूरमध्ये युंगफ्राऊ आहेच, शिवाय इंटरलाकेनला एक दिवस मोकळा मिळतोय. बाबा एसटीत मेकॅनिक होते. त्यांना दात्यांवरून डोंगर चढणारी, वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी बघायची आहे. आईला मात्र घाटाची धास्ती. म्हणते, ‘चढेन एकवेळ, पण उतरताना गाडी सुटली तर?’ तिला खाली हॉटेलातच ठेवावं असं मनात आहे. कुठली गाडी निवडू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आईंना हॉटेलात ठेवू नका. त्यांची शंका अगदी नेमकी आहे. या गाड्यांमध्ये खरं डोकं लावलंय ते उतरण्यासाठीच. ते कसं, ते सांगतो.

आधी गाडीचं. तुम्ही ब्रिएन्झला जा. इंटरलाकेनहून तळ्याकाठाने साधी रेल्वे जाते, बोटही जाते. ब्रिएन्झच्या स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच रोटहॉर्नच्या डोंगरगाडीचं छोटं स्टेशन. ही गाडी १८९२ साली सुरू झाली. पहिल्या महायुद्धात बंद पडली ती थेट १९३१ साली पुन्हा धावली. आजूबाजूच्या गाड्या एकेक करून विजेवर गेल्या, हिच्यावर मात्र अजून तार नाही. रुळांची रुंदी ८०० मिलिमीटर, अंतर ७.६ किलोमीटर, आणि तेवढ्यात ती ५६६ मीटरवरून २,२४४ मीटरवर नेऊन सोडते. साधारण तासाभराचा प्रवास. युंगफ्राऊची गाडी (१९१२ साली पूर्ण झाली) फार मोठं काम आहे, ३,४५४ मीटरवर पोचते. पण ती पहिल्यापासून विजेची आणि बराचसा रस्ता बोगद्यातून. तुमच्या बाबांना हात काळे झालेला माणूस आणि धूर बघायचाय. तो रोटहॉर्नला. फक्त वेळापत्रक नीट बघा, सगळ्याच फेऱ्या वाफेच्या नसतात, काही डिझेलच्याही असतात.

आता चढ. आपल्या कोकण रेल्वेचा चढ १५० मीटरला १ मीटर असा बेतलेला आहे. बोरघाटात तो ३७ ला १ आहे, तिथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रोटहॉर्नला सगळ्यात कठीण ठिकाणी ४ मीटरला १ मीटर! एवढ्या चढावर गुळगुळीत लोखंडी चाक जागच्या जागी फिरेल. म्हणून दोन रुळांच्या मधे दात्यांची पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात बसणारं दातेरी चाक. बाजूची चाकं फक्त वजन पेलतात.

तुम्ही गुहागरचे, आगरातला लाकडी रहाट आईंना आठवत असेल. आमच्या रहाटाचा एक दाता झिजला होता. बैल त्या जागी आला की ‘खट्’ असा धक्का बसायचा आणि लोट्यातलं पाणी हिंदकळायचं. एक दाता सुटतो आणि दुसरा धरतो, त्यामधला तो क्षण. डोंगरावर तो क्षण परवडत नाही. कार्ल रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरने म्हणून एकाऐवजी दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या, एकीचा दाता तिथे दुसरीची खाच. इंजिनाची चाकंही तशीच मागेपुढे सरकवलेली. एक दाता सुटायच्या आत दुसरा बसलेला असतो. रोटहॉर्नला हीच पट्टी आहे. मी फलाटाच्या टोकाला वाकून पाहिली होती : दात्यांच्या बगलेत काळं ग्रीस साचलेलं, पण जिथे चाक घासतं तिथे दाता आरशासारखा लखलखीत. चाळीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना मिलिंग मशीनवर गिअर कापायला शिकवलं, पण इतका समान झिजलेला दाता मी दुसरीकडे पाहिला नाही.

बाबांना आणखी एक दाखवा. सपाटीवर उभं असलेलं ते इंजिन नाकावर पडल्यासारखं दिसतं, बैलाने मान खाली घालावी तसं. बॉयलर मुद्दाम तिरका बसवलाय. चढाला लागलं की तो आडवा होतो आणि आतलं पाणी सगळीकडे सारखं राहतं. सरळ बॉयलर असता तर पाणी एका टोकाला धावलं असतं आणि दुसरीकडच्या नळ्या कोरड्या तापल्या असत्या.

आता आईंचा प्रश्न. कराडहून गुळाच्या ढेपा भरून येणाऱ्या टेम्पोत मी एकदा कुंभार्ली घाट उतरलो. निम्म्यावर लायनरचा जळका वास सुटला, ड्रायव्हरचा पाय पेडलवर पार आत गेला. कशीबशी कडेला लागली गाडी. पोफळी दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ब्रेक तापला की धरत नाही, घाटाचं सगळं भय एवढंच आहे.

निकलाउस रिगेनबाख याने १८७१ साली रिगीच्या डोंगरावर युरोपातली पहिली दात्यांची डोंगरगाडी चालवली, आणि हे भय त्याने ओळखलं. त्याची युक्ती अशी, की उतरताना इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ सोडायचीच नाही. दातेरी चाक फिरतं, त्याबरोबर पिस्टन हलतो आणि बाहेरची हवा आत ओढून दाबतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबलात की हाताला जो रेटा लागतो, तोच रेटा गाडीला धरून ठेवतो. पंप गरम होतो तसे सिलिंडरही तापतात, म्हणून आत थोडं पाणी सोडत राहतात. घासून झिजायला तिथे लायनर नाही. घासणारे ब्रेक वेगळे असतातच, ते थांबायला आणि अडीअडचणीला. रोटहॉर्नची इंजिनं अजून अशीच उतरतात.

परदेश जमत नसेल अशा वाचकांसाठी सांगतो : निलगिरीच्या गाडीतही कल्लार ते कुन्नूर हीच आब्टची पट्टी आहे, चढ १२ ला १, आणि तिची जुनी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातली. रोटहॉर्नची इंजिनंही तिथलीच.

तिकीट जाऊन-येऊन काढा. चालत उतरायचा मोह नको, १,६७८ मीटरची उतरण बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. जुलैतही स्वेटर घ्या. वाटेत प्लानआल्पला इंजिन पाणी भरतं, तेव्हा बाबांना खिडकीपाशी बसू द्या. इंजिन कायम दरीच्या बाजूला असतं : चढताना डब्याला मागून ढकलतं, उतरताना डब्याच्या पुढे राहून त्याला पाठीवर घेतं. परतीला आईंना त्याच्या लगतच्या बाकावर बसवा, म्हणजे डबा कोणी धरलाय ते त्यांना समोर दिसेल.