वाड्याच्या भिंतीत सापडलेली नाणी कोणाची?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या आजोबांचा वाडा पाडताना माजघराच्या भिंतीतील लिंपून बंद केलेल्या कोनाड्यात गवंड्याला तांब्याची गडवी सापडली. तिच्यात चांदीची नाणी आहेत : काही अंकुशी रुपये (अंकुशाची खूण असलेले मराठेशाहीतील रुपये), बरेच व्हिक्टोरिया राणीचे १८६२चे, काही पंचम जॉर्जचे आणि तीन १९४०चे. गवंड्याला पाच हजार रुपये देऊन कोठे न बोलण्यास सांगितले आहे. एक व्यापारी सगळी नाणी एकरकमी मागतो आहे, तर अमेरिकेतील पुतण्याला त्यांतील दोन जुनी हवी आहेत. घर आमचेच असताना सरकारला कळवणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आवश्यक आहे, आणि तेही विनाविलंब. १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम केवळ जमिनीत पुरलेल्या धनापुरता नाही; जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेली वस्तूही त्यात येते, त्यामुळे भिंतीतील कोनाडा त्यातून सुटत नाही. ठेव्याचे मूल्य १० रुपयांहून अधिक असेल, तर तो सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि ठेवा सरकारी कोषागारात जमा करावा किंवा तारण द्यावे, असे कलम ४ सांगते. न कळवल्यास कलम २०नुसार सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या गुन्ह्यास जागेच्या मालकाने साथ दिल्यास त्याचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गवंड्याला दिलेले पाच हजार रुपये उद्या नेमके याच तरतुदीखाली आपल्यासमोर ठेवले जातील. म्हणून सूचनापत्र आपण दोघांनी मिळून द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

गवंड्याला दूर ठेवण्यात आपले दुहेरी नुकसान आहे. ठेवा बेवारस ठरला आणि आपसांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला व उरलेला जागामालकाला मिळतो. आणि सापडणारा मीच, असे गवंडी म्हणू शकतो, कारण नाणी प्रथम त्याच्या हाती लागली. तसेच वाटप होण्यापूर्वी सरकारला तो ठेवा धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग एवढेच देऊन घेता येतो, म्हणजे अंकुशी रुपयाच्या दुर्मिळतेची दखलही घेतली जात नाही.

परंतु आपला ठेवा बेवारस ठरू न देण्याचा मार्ग आपल्या गडवीतच आहे. १९४०चे रुपये संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत साधे. त्यांत चांदी निम्मीच, तर आधीच्या रुपयांत सुमारे ९२ टक्के. खटल्यात मात्र तेच सर्वांत मोलाचे ठरतील. कोनाडा लिंपून बंद होता, याचा अर्थ शेवटचे नाणे आत पडल्यावरच तो बुजवला गेला, आणि ते नाणे १९४०चे असल्याने ठेवा गेल्या १०० वर्षांच्या आतच दडवलेला असणार. असे मानण्यास कारण दिसले आणि ठेवा आपल्या पूर्वजाने दडवल्याचा दावा आपण केला, तर दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करण्यासाठी जिल्हाधिकारी चौकशी तहकूब करतात. दावेदारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना निघाल्यावर हजर राहण्यासाठी त्यानंतरच्या चार ते सहा महिन्यांदरम्यानची तारीख मिळते. ती चुकवू नये. दावा आजोबांच्या सर्व वारसांच्या, म्हणजे आत्यांच्याही, नावाने करावा. कोनाडा लिंपलेला होता, हे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार गवंडीच आहे. लिंपणाचे तुकडे, गडवी आणि कोनाड्याची छायाचित्रे जपून ठेवा, तसेच त्या काळी वाडा आजोबांच्या ताब्यात होता हे दाखवणारे जुने उतारेही शोधून काढा.

नाणी चिंचेने किंवा पावडरने घासू नका, सोनाराकडून उजळूनही घेऊ नका. वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर हा पुरावा तर आहेच, पण अंकांच्या कडा आणि अक्षरांची धार किती टिकली आहे यावरच नाण्याची प्रत ठरते; घासलेल्या नाण्याची ती धार परत येत नाही. १८६२च्या रुपयांवरून लाखोंच्या आशेत राहू नका, कारण तेच साल कोरलेले रुपये १८७४पर्यंत पाडले जात होते आणि ते विपुल आहेत. पंचम जॉर्जच्या रुपयांत १९११चा असल्यास तो वेगळा ठेवा. राजाच्या गळपट्ट्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, या तक्रारीमुळे ते नाणे मागे घेतले गेले होते. प्रत्येक नाण्याचे वजन आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन यादी करा आणि ती सूचनापत्राला जोडा.

व्यापाऱ्याला आज नकार द्या. मालकी ठरण्यापूर्वी केलेली विक्री आपल्यालाच अडचणीत आणेल. हक्क सिद्ध झाल्यावरही विकताना लक्षात ठेवा की १०० वर्षांहून जुने नाणे १९७२च्या केंद्रीय कायद्यानुसार पुरातन वस्तू ठरते आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो; तो पाहूनच व्यवहार करा. पुतण्याला व्हिक्टोरियाचा किंवा अंकुशी रुपया पाठवणे तर सरळ गुन्हा आहे : पुरातन वस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही, आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. कुरियरने पाठवले काय किंवा सामानात नेले काय, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निर्यातच.