कोरडा मार्कर

"मॅडम, घरी सगळं येतं. मुलाखतीत मात्र डोकं बधिर होतं. माझ्यातच काही खोट आहे का?"

जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींचा प्रश्न फिरून फिरून इथेच येतो. म्हणून अमळनेरकडच्या एका मुलाची हकीकत सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललं आहे.

वय २४. वडिलांची कोरडवाहू कपाशी. शिक्षण जळगावातच, मग दोन वर्षं इथल्याच एका छोट्या ऑफिसात आडत दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम. हमाली, तोलाई हे सगळं कापून शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, तो हिशेब पैशापैशाने जुळवणारा कोड याचा. पुण्याच्या एका कंपनीतून डेव्हलपरच्या जागेसाठी बोलावणं आलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेला, हिंजवडीजवळ मित्राच्या रूमवर आंघोळ उरकली आणि दहाला हजर झाला.

माझ्याकडे आला तो महिनाभराने, आईबरोबर. "धड जेवत नाही. दुसऱ्या कंपनीचा फोन आला तर उचलत नाही," आई म्हणाली. तो एकच वाक्य बोलला, तेही अहिराणीत: "माले काहीच सुचनं नही."

मी म्हटलं, नापास का झालास ते नको सांगू. घड्याळाप्रमाणे काय काय घडलं तेवढं सांग.

वेळ दहाची, आत घेतलं अडीचला. समोरच्या साहेबांनी बायोडेटा तिथेच पहिल्यांदा उघडला, नजर लॅपटॉपवरच. बिलिंगच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बोर्डवर लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या नोंदींची साखळी, उलटी करून दाखव म्हणाले. मार्कर कोरडा निघाला. दुसरा मागायची हिंमत होईना, म्हणून हा तसाच फिकट रेघा ओढत राहिला. "दिसत नाहीये, मोठ्याने बोल," असं दोनदा ऐकून घेतलं. अकराव्या मिनिटाला "ओके, कळवतो". ते अजून कळवतायत.

"मार्कर मी घरून न्यायला पाहिजे होता का?" हे त्याने अगदी मनापासून विचारलं. पाणी कुठे मुरतंय ते मला तिथे कळलं. दुसऱ्याच्या गलथानपणाची पावतीसुद्धा हा स्वतःच्या नावावर फाडत होता.

त्याला मी एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तो २०२० मध्ये मांडला. कॉम्प्युटर शिकणारे ४८ विद्यार्थी, सगळ्यांना कोडिंगचा एकाच प्रकारचा प्रश्न. काहींनी तो परीक्षकासमोर बोर्डवर, बोलत बोलत सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. कुणीतरी बघतंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. तो ऐकत होता, पण चेहरा कोराच. आकड्यांनी माणूस सुटत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मग लहान मुलांसाठी ठेवलेला माझा फळा पुढे ओढला, त्याच्या हातात खडू दिला. "ही लिंक्ड लिस्ट मला शिकव. मला यातलं ओ की ठो कळत नाही." हे खरंच होतं.

थोडा वेळ तो खडूच फिरवत बसला. मग म्हणाला, "भुसावळच्या यार्डातली मालगाडी समजा. प्रत्येक डब्याला फक्त मागचा डबा कोणता, एवढंच माहीत." गाडी उलटी करायची तर एकेक कपलिंग काढून पुढच्या डब्याला जोडायचं. पण काढण्याआधी मागचा डबा एका हाताने धरून ठेवायचा, नाहीतर उरलेली गाडी हातची जाते. फळ्यावर पाच डबे काढले, बाण पुसले, फिरवले. शेवटी इंजिन जुन्याच डब्याला लावलं, आणि तो डबा तर आता सगळ्यात मागे. मी विचारलं, "इंजिनामागे एकच डबा कसा राहिला?" तो थबकला, हसला, दुसऱ्या टोकाला इंजिन काढलं. चूक झाली होती, मी बघत होते, आणि डोकं चालू होतं.

सगळंच घाबरण्यामुळे झालं, असं मात्र मी त्याला सांगितलं नाही. बोलता बोलता निघालं की डेटाबेसमधलं इंडेक्सिंग, म्हणजे ढीगभर नोंदींतून हवी ती पटकन सापडावी म्हणून सूची लावणं, त्याचं कच्चं आहे. बिलं हजारांत होती तोवर अडलं नव्हतं. ते शिकायलाच हवं, आणि त्याला समुपदेशक लागत नाही. इंग्रजीचंही तेच. भीती आणि उणीव एकाच पोत्यात भरली की पोतं उचलवत नाही, म्हणून दोन्ही वेगळी केली.

पुढच्या सहा आठवड्यांत घरचा अभ्यास एवढाच: रोज एक प्रश्न, कुणासमोर तरी, मोठ्याने. धाकटी बहीण हक्काची प्रेक्षक झाली. तिला विनोद सुचत, आणि त्याचाही उपयोग झाला. "हा मार्कर चालत नाही, दुसरा द्याल का?" हे वाक्य आम्ही मुद्दाम दहा-बारा वेळा म्हटलं. पहिल्यांदा म्हणताना त्याचा आवाज कापला होता.

नंतर नाशिकला मुलाखत झाली. परतताना त्याने सीबीएस स्टँडवरून फोन केला. मागे धुळ्याच्या गाडीचा पुकारा चाललेला. सात प्रश्न विचारले, दोन आले नाहीत, ते कोणते हे त्याने मला घाईघाईने सांगितलं. नोकरी मिळाली की नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. गाडी लागली होती.